ज्याचे जळते त्याला कळते : वेदना, डोकेदुखी आणि उष्ण-शीत संवेदना

‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. वेदनेविषयी याहून नेमके विधान शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. रक्तदाब पाऱ्याच्या स्तंभावर वाचता येतो, साखर थेंबभर रक्तात मोजता येते, हृदयाचा ठोका कागदावर उमटतो. परंतु समोर बसलेल्या माणसाला किती दुखते आहे, हे सांगणारे एकही भरवशाचे यंत्र आजवर निघालेले नाही. आणि तरीही आपल्या दवाखान्याची पायरी चढणाऱ्या बहुसंख्य माणसांना तेथवर आणते ती वेदनाच.

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहावे अशी सूचना आली, तेव्हा हा विषय मी मुद्दाम निवडला. इंदूरमध्ये सामान्य व्यवसाय करीत मला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात वेदनेचे शास्त्र जितके बदलले, तितके शरीरक्रियाशास्त्राचे दुसरे प्रकरण क्वचितच बदलले असेल. आपण विद्यार्थिदशेत जे शिकलो त्यातील बरेच काही आजही खरे आहे. पण त्याचा अर्थ मात्र पालटला आहे. स्मरणिका घरातील मंडळीही वाचतात, म्हणून परिभाषेचा भार कमी ठेवला आहे. सहकारी डॉक्टरांनी तेवढी मोकळीक द्यावी.

इजा वेगळी, वेदना वेगळी

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. शरीरास इजा होणे किंवा होऊ घातलेली असणे, आणि तिची वार्ता मज्जातंतूंनी वाहून नेणे ही एक घटना. ‘दुखते आहे’ असा अनुभव येणे ही दुसरी. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच पहिल्या घटनेसाठी ‘नोसिसेप्शन’ या संकल्पनेचा पाया घातला. मराठीत आपण तिला ‘इजासंवेदन’ म्हणू. इजासंवेदन मज्जातंतूंत घडते. वेदना मात्र मेंदूत, जागृत माणसाच्या अनुभवात घडते. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी हातात हात घालून येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण त्या एकमेकींवाचूनही येऊ शकतात.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांची पाहणी केली आणि १९४६ मध्ये ती प्रसिद्ध केली. हाडे मोडलेली, पोटात वा छातीत गोळ्यांच्या जखमा; परंतु सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक मागावेसे वाटण्याइतके दुखत नव्हते. तितक्याच जखमेचा नागरी रुग्ण आपल्या वॉर्डात विव्हळत असतो. सैनिकाच्या लेखी ती जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटल्याची खूण होती, तर घरच्या माणसाच्या लेखी तीच जखम म्हणजे संसारावर कोसळलेले संकट. जखम एकच असली, तरी मेंदूने तिचा लावलेला अर्थ निराळा होता.

उलट टोकाचे उदाहरण २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातून प्रसिद्ध झाले. तेथील एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवी. दंडात सुऱ्या खुपसून घेई, निखाऱ्यांवरून चाले. त्याला वेदना ही गोष्टच ठाऊक नव्हती. संशोधकांनी प्रत्यक्ष तपासण्यापूर्वीच, चौदाव्या वर्षाच्या सुमारास, घराच्या छतावरून उडी मारल्याने तो दगावला. त्याच्या नात्यातील तशाच मुलांच्या तपासणीत मज्जातंतूंतील सोडियमच्या एका विशिष्ट वाटेचा जनुकीय दोष आढळला. या वाटेचे नाव ‘एनएव्ही १.७’. तिच्याच भावंडासारखी असलेली ‘एनएव्ही १.८’ ही वाट रोखणारे सुझेट्रिजीन हे औषध जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत तीव्र अल्पकालीन वेदनेसाठी संमत झाले. अफूजन्य औषधांपलीकडचा एक नवा मार्ग यामुळे उघडला आहे. पण मला त्या मुलाकडून मिळणारा धडा अधिक मोलाचा वाटतो : वेदना ही शत्रू वाटली, तरी ती घराची राखणदार आहे.

उंबरठ्याची ठेच : वेदनेचा प्रवास

पायाच्या अंगठ्याला उंबरठ्याची ठेच लागते तेव्हा काय घडते, ते क्रमाने पाहू. त्वचेतील आणि अस्थिवेष्टनातील उघडी मज्जातंतू-टोके इजेने चेतवली जातात. तेथून वार्ता दोन प्रकारच्या तंतूंनी निघते. ‘ए-डेल्टा’ तंतूंवर मायलिनचे पातळ आवरण असते. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. ‘सी’ तंतू अनावृत आणि मंद. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा ते दोन मीटर. म्हणूनच ठेच लागताच प्रथम एक लख्ख, नेमक्या जागेची कळ येते आणि क्षणभराने मागाहून ती पसरट, जळजळणारी, जीव कासावीस करणारी दुसरी वेदना येते. पाय मागे खेचला जातो तो तर या दोहोंच्याही आधी, मज्जारज्जूच्या पातळीवरील प्रतिक्षिप्त क्रियेने.

मज्जारज्जूच्या मागच्या शृंगात हे तंतू दुसऱ्या चेतापेशीला वार्ता देतात. ती पेशी आपला तंतू विरुद्ध बाजूस ओलांडते आणि स्पायनोथॅलॅमिक मार्गाने थॅलॅमसपर्यंत चढते. तेथून वाटा फुटतात. संवेदी बाह्यकाला ‘कोठे आणि किती’ हे कळते. इन्सुला आणि सिंग्युलेट या भागांकडे गेलेल्या वाटांमुळे ‘हे नकोसे आहे’ ही भावना उमटते. मेंदूत वेदनेचे असे एकच केंद्र नाही. स्थान, भीती, आठवण आणि अपेक्षा या सर्वांची मिळून ती बनते. ‘दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो’ ही म्हण आठवावी. ताक थंड असते हे त्याला ठाऊक आहे. पण पूर्वी पोळलेल्या मेंदूचा अंदाज ज्ञानाच्या आधी धावतो.

फाटक आणि फुंकर

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात फाटक-सिद्धान्त मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या वार्तेपुढे जणू एक फाटक असते. स्पर्शाचे जाड, जलद तंतू चेतवले की ते लोटले जाते. वरून मेंदूही ते उघडू किंवा बंद करू शकतो. सिद्धान्ताच्या तपशिलात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली. पडलेल्या मुलाचा गुडघा आई चोळते, त्यावर फुंकर घालते, त्याला पोटाशी धरते. चोळण्याने खालून फाटक लोटले जाते, धीराने वरून.

वरून येणाऱ्या या नियंत्रणाचा पुरावा लवकरच मिळाला. मध्यमस्तिष्कातील एका करड्या भागास विद्युत्-चेतना दिली, की उंदरावर भूल न देताही शस्त्रक्रिया करता येते, असे १९६९ मध्ये दिसून आले. १९७५ मध्ये मेंदूतील स्वतःची अफू म्हणता येईल असे एन्केफॅलिन हे द्रव्य सापडले. १९७८ मध्ये दात काढलेल्या रुग्णांवरील एका प्रयोगात तर असे आढळले, की औषधाविना केवळ विश्वासाने मिळालेला आराम नॅलॉक्सोन या अफूविरोधी औषधाने ओसरू शकतो. म्हणजे सुंठीवाचून खोकला जातो, तेव्हाही शरीराने आपल्या घरातली सुंठ वापरलेली असते. रोग्याला धीर देणारे डॉक्टरांचे दोन शब्द हे सौजन्य तर आहेतच. त्यांना शरीरक्रियात्मक परिणामही आहे.

काट्याचा नायटा

हेच नियंत्रण उलटही फिरते. इजा झालेल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन इत्यादी द्रव्ये पाझरतात आणि मज्जातंतूंची टोके हळवी करतात. म्हणून उन्हाने भाजलेल्या पाठीवर एरवी सुखावणारे कोमट पाणीही चटका देते. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पण हळवेपणा टोकांपुरता राहत नाही. वार्तांचा मारा दीर्घकाळ चालू राहिला, की मज्जारज्जूतील पेशीच चटकन चेतणाऱ्या होतात. याला केंद्रीय संवेदीकरण म्हणतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये ते प्रयोगाने दाखवले. मग साधा स्पर्शही दुखतो. नागीण बरी होऊन महिने लोटले तरी अंगावर सदरा सोसवत नाही, हे आपण सर्वजण पाहतो. काट्याचा नायटा होतो तो असा. अशा रुग्णाची जखम बरी झालेली असते, क्ष-किरणचित्र निर्दोष असते, पण धोक्याची घंटा बिघडून वाजतच राहते. तेथे दाहशामक गोळ्या फारशा उपयोगी पडत नाहीत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबालिन यांसारखी मज्जातंतूंवर काम करणारी औषधे, हळूहळू वाढविलेला व्यायाम आणि पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. ‘तपासण्या चांगल्या आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य अशा माणसाला ऐकवणे शास्त्राला धरून नाही.

ऊन आणि थंड

उष्ण-शीत संवेदना वेदनेची सख्खी शेजारीण आहे. तिचे तंतूही तेच, ए-डेल्टा आणि सी. मज्जारज्जूतील मार्गही तोच. त्वचेतील ऊब आणि गारवा टिपणारी ठिकाणे वेगवेगळी असतात आणि गारव्याची ठिकाणे संख्येने पुष्कळच अधिक असतात. शिवाय त्वचा तापमापकासारखा आकडा सांगत नाही. ती फरक सांगते. एक हात ऊन पाण्यात आणि दुसरा थंड पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात बुडवावेत. तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला ऊन लागते. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञाने सांगितलेला हा प्रयोग शाळकरी मुलांना घरी करून दाखवण्याजोगा आहे.

ही संवेदना रेणूच्या पातळीवर कशी घडते, याचे उत्तर स्वयंपाकघरातून मिळाले. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत मिरचीतील कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारा ग्राही सापडला. त्याचे नाव ‘टीआरपीव्ही १’. हाच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. २००२ मध्ये गारव्याचा ग्राही, ‘टीआरपीएम ८’, सापडला. तो सुमारे २६ अंशांखाली उघडतो आणि पुदिन्यातील मेंथॉलनेही. हा शोध ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे लावला. उष्णता आणि स्पर्श यांच्या ग्राहींसाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

म्हणजे पोह्यांवरच्या जिरावणातील मिरची ‘तिखट’ लागते ती जिभेच्या चवीच्या कळ्यांमुळे मुळीच नव्हे. तोंड ‘भाजते’ असे आपण म्हणतो ते अक्षरशः खरे आहे; मेंदूला वार्ता भाजल्याचीच जाते. म्हणून घाम फुटतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी पिऊन आग शमत नाही; दूध किंवा दह्याने शमते. पक्ष्यांचा हाच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या सुखाने खातो आणि बी दूरवर पसरवतो. नागिणीनंतरच्या वेदनेवर कॅप्सेसिनचाच लेप वापरतात, कारण वारंवार चेतवलेली टोके अखेर थकून गप्प होतात.

तापाचे कोडेही याच प्रकरणातले. अंग तव्यासारखे तापलेले आणि रुग्ण म्हणतो, ‘थंडी वाजते, गोधडी द्या.’ संसर्गात तयार झालेले प्रोस्टाग्लँडिन हायपोथॅलॅमसमधील तापमानाची खूणगाठ वर सरकवते. शरीर ३८ अंशांवर असले आणि खूणगाठ ४० वर गेली, तर मेंदूच्या हिशेबी शरीर थंडच आहे, म्हणून हुडहुडी. पॅरासिटामॉल ही खूणगाठ खाली आणते. उष्माघातात मात्र खूणगाठ जागेवरच असते. शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती संपलेली असते. मे महिन्यात माळव्याच्या उन्हात काम करणारा मजूर शुद्ध हरपून आला, तर पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. त्याला तत्काळ सावलीत घेऊन पाणी, वारा आणि बर्फ यांनी थंड करीत रुग्णालयात न्यावे. तेथे प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

ही संवेदना हरपली तर काय होते, हे भारताइतके क्वचितच कोणी पाहिले असेल. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ असा समज शतकानुशतके होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोगजंतू बोटे खात नाहीत. वेदना न कळल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे लक्षात येत नाही आणि त्या दुर्लक्षित जखमांनी बोटे जातात. पुढे त्यांनी कृत्रिम वेदनायंत्रणा बनवण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण संकेत त्रासदायक होताच माणसे ती यंत्रणा बंद करीत. निसर्गाने वेदनेचे बटण आपल्या हाती दिले नाही, यात शहाणपण आहे.

आज हेच संकट मधुमेहाच्या रूपाने घरोघरी आले आहे. वैशाखात ओंकारेश्वरच्या तापलेल्या फरशीवरून अनवाणी दर्शन घेऊन आलेले, आणि तळव्यांना आलेले फोड दुसऱ्या दिवशी मोजे काढताना प्रथम पाहणारे रुग्ण मी पाहिले आहेत. गरम पाण्याच्या पिशवीने पोटऱ्या भाजून घेतलेलेही पाहिले आहेत. दोन परीक्षानळ्या, एकीत कोमट आणि दुसरीत थंड पाणी, एवढ्या साधनाने ही संवेदना दवाखान्यात दोन मिनिटांत तपासता येते. ती प्रत्येक मधुमेही रुग्णाची आणि त्वचेवर फिकट चट्टा असलेल्या प्रत्येकाची तपासावी.

डोके दुखते, मेंदू दुखत नाही

सर्व वेदना ज्या मेंदूत जाणवतात, तो स्वतः मात्र दुखत नाही. त्याच्या ऊतीत इजासंवेदनाची टोके नाहीत. म्हणून मेंदूच्या काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा ठेवून, त्याच्याशी बोलत करता येतात. मग डोके दुखते म्हणजे काय? ब्रॉन्सन रे आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी १९४० मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी निरनिराळे भाग चेतवून याचा नकाशा बनवला. मेंदूच्या आवरणांतील रक्तवाहिन्या, मोठ्या नीलाकोशिका, कवटीच्या तळाशी असलेले आवरण आणि तेथील मोठ्या धमन्या हे भाग दुखतात. कवटीच्या वरच्या भागातील वार्ता त्रिशाखी मज्जातंतूने, तर मागच्या तळभागातील वार्ता प्रामुख्याने मानेच्या वरच्या मज्जातंतूंनी येते. मस्तिष्कस्तंभात या दोन्ही वाटा एकत्र मिळतात. म्हणूनच मानेचे दुखणे डोळ्यामागे आणि डोक्यातील दुखणे मानेत जाणवते.

सराफ्यात रात्री घाईने कुल्फी खाणाऱ्याच्या कपाळात एकदम कळ जाते, तीही याच पत्ता चुकण्याने. टाळू झपाट्याने थंड होते, तेथील रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावतात, वार्ता त्रिशाखी मज्जातंतूने जाते आणि मेंदू ती कपाळाच्या नावे नोंदवतो. जीभ टाळूला लावून ठेवली की ती सहसा लवकर ओसरते.

अर्धशिशीचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा. आयुर्वेदात ‘अर्धावभेदक’ या नावाने तिचे वर्णन आहे. आपण विद्यार्थी असताना ती रक्तवाहिन्यांच्या प्रसरणाने होते असे शिकलो. आज ती मेंदूची आणि त्रिशाखी मज्जातंतूची व्याधी मानली जाते. काही रुग्णांना आधी डोळ्यांपुढे नागमोडी, लखलखत्या रेषा सरकताना दिसतात. कार्ल लॅशले यांनी १९४१ मध्ये स्वतःच्याच अशा रेषांवरून हिशेब मांडला, की मेंदूच्या पृष्ठावर मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने काहीतरी पसरत असावे. १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडिस लियाव यांनी सशाच्या मेंदूत तशीच सरकणारी लाट प्रत्यक्ष नोंदवली. पुढे झटक्याच्या वेळी सीजीआरपी हे द्रव्य रक्तात वाढते असे आढळले, आणि त्याविरुद्धची प्रतिपिंड-औषधे २०१८ पासून वापरात आली. प्रकाश, आवाज आणि वास सोसवत नाहीत, मळमळते, जिना चढला तरी दुखणे वाढते. ही लक्षणे मिळाली की निदान बहुधा प्रश्नांवरच होते.

प्रौढ वयात अर्धशिशी स्त्रियांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळते. आपल्या घरांतील कित्येक स्त्रिया अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडके आवळून पडून राहतात, आणि ‘फार मनाला लावून घेतेस’ एवढाच उपचार त्यांच्या वाट्याला येतो. कित्येकींचे दुखणे वर्षानुवर्षे ‘सायनस’ किंवा ‘चष्म्याचा नंबर’ या नावाखाली राहते. हा आजार खरा आहे, त्याला उपचार आहेत आणि वारंवार येणारे झटके टाळण्याची औषधेही आहेत.

मात्र एक सापळा लक्षात ठेवावा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन, अफूजन्य वा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोजची डोकेदुखी जडू शकते. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी बाळगणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘महिन्यात किती दिवस?’ हा प्रश्न विचारावा.

बहुतेक डोकेदुखी निरुपद्रवी असते. पुढील खुणा दिसल्यास मात्र विलंब करू नये :

१. काही क्षणांत शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी न अनुभवलेली डोकेदुखी.
२. ताप, मान ताठणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे.
३. हातापायात कमजोरी, बोबडी वळणे, दुहेरी दिसणे, झटके येणे.
४. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी; विशेषतः कानशील दुखरे असणे, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टी अंधुक होणे.
५. खोकल्याने वा वाकल्याने उद्भवणारी, पहाटे उठवणारी, उलट्यांसह दिवसेंदिवस वाढणारी.
६. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर, डोक्याला मार लागल्यानंतर, कर्करोग असताना किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असताना नव्याने सुरू झालेली.

रुग्णाचे शब्द हेच आपले यंत्र

वेदना मोजणारे यंत्र नाही, पण तिचे वर्णन करणारी भाषा आहे. १९७५ मध्ये मेलझॅक यांनी इंग्रजी वर्णनशब्दांवर आधारलेली प्रश्नावली तयार केली. आपल्या मराठीत तर हा खजिना पिढ्यान् पिढ्या साठलेला आहे. पोटात ‘कळ’ येते ती लाटेसारखी चढते आणि उतरते. आतड्याच्या, मूत्रनलिकेच्या, प्रसूतीच्या कळा अशाच. ‘मुरडा’ आतड्याचा. ‘ठसठस’ आणि ‘ठणका’ पू धरलेल्या, नाडीबरोबर उडणाऱ्या जागेचे. ‘उसण’ स्नायूची. ‘सणक’ आणि ‘चमक’ दबलेल्या मज्जातंतूच्या वाटेने धावतात. ‘आग’, ‘चुणचुण’, ‘मुंग्या’ ही बिघडलेल्या बारीक तंतूंची भाषा. डोके ‘ठणकते’ म्हणणारीचे आणि डोक्याभोवती ‘पट्टा आवळल्यासारखे’ म्हणणाऱ्याचे निदान एक असण्याचा संभव कमी.

आणि छातीविषयी विशेष सावध असावे. ‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला हृदयविकाराचा रुग्ण पुष्कळदा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. त्याला दुखत नसतेच. त्याला ‘जड वाटते’, ‘दाटून येते’, ‘कोणी बसल्यासारखे’ वाटते. ‘काय होते?’ असे विचारले तरच ते कळते. आपल्या गावात नव्या पिढीचे डॉक्टर हिंदी किंवा इंग्रजीत विचारतात, शून्य ते दहा असा आकडा मागतात; घरातील आजी मात्र वेदना मराठीतच भोगत असतात. त्यांच्या तोंडचा शब्द केसपेपरवर जसाच्या तसा लिहावा, अशी माझी तरुण सहकाऱ्यांना विनंती आहे. आकडा उपचाराचा परिणाम मोजायला उपयोगी. निदान मात्र शब्दांत दडलेले असते.

ज्यांना शब्द नाहीत, त्यांच्यासाठी

ज्यांना बोलताच येत नाही त्यांचे काय? १९८० च्या दशकापर्यंत जगातील मान्यवर रुग्णालयांतही नवजात अर्भकांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, पुष्कळदा अगदी तुटपुंज्या भुलेखाली शस्त्रक्रिया होत असत. त्यांची मज्जासंस्था अपक्व आहे, त्यांना वेदना कळत नाही, आणि भुलेचा धोकाच अधिक, अशी समजूत होती. ती ज्यांच्या संशोधनाने मोडीत निघाली ते डॉ. कंवलजीत आनंद हे आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले. एका गटास नेहमीच्या औषधांबरोबर फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक दिले. ‘लॅन्सेट’मध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फेंटॅनिल न मिळालेल्या बाळांत तणावाच्या संप्रेरकांची उसळी कितीतरी मोठी होती आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही अधिक होती. बाळे बोलली नाहीत. त्यांचे रक्त बोलले. जगभरची पद्धत त्यानंतर बदलत गेली.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत दोन गोष्टी स्पष्ट केल्या : माणसाने ‘मला दुखते’ असे सांगितले तर त्या सांगण्याचा मान राखावा; आणि बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असे समजू नये. तान्हे बाळ, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, पक्षाघाताने वाचा गेलेली आई, कृत्रिम श्वासावर असलेला रुग्ण, या सर्वांना हे लागू आहे. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, अन्नावरून उडालेले मन, रात्रीची अस्वस्थता हीच त्यांची भाषा. घरातील माणसांना ती आपल्याआधी कळते. म्हणून त्यांनाही विचारावे.

ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच; आणि शास्त्राने ते खोडून काढले नाही, उलट सिद्ध केले. मात्र ज्याचे जळते त्याचे ऐकून घेतले, तर जवळच्यालाही पुष्कळसे कळू शकते. आपल्या व्यवसायाची सुरुवात तेथूनच होते. उद्या दवाखाना उघडल्यावर पहिल्या रुग्णाला, हातातील रिपोर्टांची फाइल क्षणभर बाजूला ठेवून, ‘नेमके काय होते, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढे विचारले, तर या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे मी मानीन.